केबल खिळ्यावर होती, तरी…

या सदरात लिहिणारे बहुतेकजण सुरुवातीलाच सांगतात की आमचा असल्या गोष्टींवर विश्वास नव्हता… आणि शेवटापर्यंत तो बसलेला असतो. माझं जरा अडचणीचं आहे. माझा तेव्हाही नव्हता आणि आजही नाही. सासऱ्यांनी देव्हारा नदीला दिला त्या दिवसापासून आमच्या घरात भूतखेत, अंगात येणं, लिंबू-मिरची — सगळं उंबऱ्याबाहेर. विहारातल्या बायकांना मी यातलं अक्षर सांगितलेलं नाही. त्यांतली एखादी हे वाचत असेल आणि तिनं मला ओळखलंच, तर कृपा करून ओळख दाखवू नये. पौर्णिमेची खीर मी करते, तेवढी भीड ठेवावी.

वय सदुसष्ट. पिंपरीत, कॅम्पाच्या बाजारामागच्या गल्लीत, दुसऱ्या मजल्यावर एकटी राहते. आम्ही मूळचे जालन्याकडचे. लग्न होऊन इकडे आले आणि बावीस-तेविसाव्या वर्षी भोसरीच्या एका कंपनीत सोल्डरिंगच्या लाइनवर लागले. तेव्हाची मी म्हणजे काय सांगू तुम्हाला! अंगावर निळा ॲप्रन, केसात पेन, आणि जगातलं सगळं मला कळतं असा चेहरा. आज ती पोरगी समोर आली तर मी तिला आधी पाणी देईन आणि मग कानफटीत देईन.

कारण सांगते. आमच्या लाइनवर शकुंतला नावाची बाई होती. तिची बहीण बाळंतपणात गेलेली. एकदा जेवायच्या सुट्टीत ती म्हणाली, "टेस्टिंगच्या टेबलावरचा दिवा कुणी नसताना लागतो गं, आणि लागला की मला आक्काच्या तेलाचा वास येतो." मी उठले, पॅनल उघडलं, मागचा एक सांधा बोटानं हलवून दाखवला. दिवा लागला, विझला, लागला. सगळ्या बायकांसमोर म्हणाले, "ही बघा शकुंतलेची आक्का. ड्राय सोल्डर, कच्चा सांधा! तसंच हिच्या डोक्यातही असणार." सगळ्या हसल्या. शकुंतला डबा बंद करून निघून गेली. मला वाटलं, मी अज्ञान दूर केलं. वासाचं मी काय केलं, हे मात्र मला तेव्हा कुणी विचारलं नाही.

असो. आता माझ्या लेकीबद्दल.

सुजाता माझी एकुलती एक. चाकणला गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कंपनीत ती नेटवर्कचं काम बघायची. म्हणजे कारखान्यातली सगळी यंत्रं एकमेकांशी बोलतात ना, ती बोलतायत की रुसलीत ते बघणं. नवरा मिलिंदराव तिकडेच दुसऱ्या कंपनीत मेंटेनन्सला. घर कुरुळीला, कंपनीपासून दहा मिनिटांवर. त्यांची तनू आता नववीत आहे. माझं पिंपरीचं घर म्हणजे तिला अख्खा हायवे तुडवून यायचं ठिकाण. त्यामुळे यायची रविवारी, तेही जमलं तर.

हे गेल्यावर माझा वेळ जाईना, म्हणून तिनं मला एक जुना कॉम्प्युटर आणून दिला. त्यात लिनक्स घातलं. वायफाय त्याला नव्हतं, राउटरपासून एक निळी केबल यायची. मी त्यावर पत्ते खेळायची, भजीचे व्हिडिओ बघायची. नेट बंद पडलं की सुजाताला फोन. फोनवरूनच तिनं मला शिकवलं.

"आई, काळी खिडकी उघड. लिही, ip, मग जागा सोड, मग a."

"लिहिलं. आता?"

"वाच."

मी वाचायची. पहिल्यांदा lo म्हणून एक येतं. ती म्हणायची, "ते सोड, ते त्याचं स्वतःशीच बोलणं आहे, तुझ्यासारखं." मग दुसरं, enp3s0, म्हणजे केबल लावायचं भोक. त्यापुढे UP आहे का, खाली inet आणि नंबर आहे का, ते सांगायचं. आमच्या घरात कुणाला कुठला नंबर हे तिनं कारखान्यासारखं बांधून टाकलं होतं. पंगतीत जसं आजोबांच्या पाटावर दुसरं कुणी बसत नाही, तसं. तिच्या हातचा कागद अजून माझ्या गोदरेजच्या दाराला आतून चिकटवलेला आहे : एक — राउटर, घराचं दार. दहा — आई. अकरा — मी. बारा — मिलिंद. तेरा — तनू. प्रत्येकापुढे त्या यंत्राचा जन्मखुणेसारखा लांबलचक पत्ता. "तो बदलत नाही आई. तुझ्या हनुवटीवरचा तीळ समज." तिच्या फोनच्या पत्त्याच्या शेवटी 4e होतं.

दुसरी आज्ञा तिनं शिकवली ती ip neigh. आपल्या कॉम्प्युटरच्या शेजारपाजारी कोण आहे त्याची यादी. जो हाकेला ओ देतो त्याच्यापुढे REACHABLE. ओ आली नाही की FAILED. आता यातली गंमत अशी, की सुजाताचा फोन माझ्या घराच्या वायफायला लागला रे लागला की तनूचे फोटो आपोआप माझ्या कॉम्प्युटरवर उतरायला लागायचे. तशी सोय तिनंच केली होती. आणि आमचं वायफाय खालच्या पार्किंगपर्यंत पोचतं. म्हणजे ती गाडी लावत असतानाच माझ्या यादीत अकरा नंबर उगवायचा! दर रविवारी मी खिडकीत उभी राहण्याऐवजी स्क्रीनसमोर बसायची. अकरा दिसला की चहा टाकायचा. ती दोन मजले चढून बेल वाजवेपर्यंत पहिली उकळी. ती आत आली की म्हणायची, "आई, तू आईपेक्षा सर्व्हर बरा आहेस."

इथपर्यंत सगळं छान आहे. आता माझी खोड सांगते, जी मी पाच वर्षं कुणालाही सांगितली नव्हती.

नेट दर आठवड्याला बिघडायचं कारण नव्हतं. बिघडवायची मी. एकटं वाटलं की केबलच्या टोकाचा चाप दाबून ती मागून काढायची, भिंतीवरच्या कॅलेंडरच्या खिळ्याला लटकवायची, आणि बरोबर एक वाजता, तिच्या जेवणाच्या सुट्टीत, फोन. "सुजा, नेट गेलं गं!" मग वीस मिनिटं ती माझी. राउटर बंद कर, चालू कर, वाच, परत वाच… आणि मधेमधे तनूचे मार्क, डब्यात काय, सासूची गुडघेदुखी. तिची जेवायची सुट्टी संपत आली की मी हळूच केबल आत सारायची. टिक. "आलं गं आलं! हुशार बाई तू."

एकच धोका होता. केबल काढलेली असली की त्या ओळीत स्वच्छ लिहून येतं : NO-CARRIER. तो शब्द वाचला की तिला लगेच कळणार. म्हणून मी तेवढा गिळायची. बाकी सगळं प्रामाणिक वाचायची, तो एक शब्द सोडून. चार वर्षं. पंचविशीतली मी बोट हलवून दिवा लावायची, साठीतली मी तेच बोट वापरून लेकीला फसवत होते. प्रगती म्हणतात ती हीच.

ज्या दिवशी ती गेली त्या दिवशीही मी केबल काढली होती.

बुधवार होता. आदल्या दिवशी मला बरं नव्हतं, ताप नाही, काही नाही, उगाच भरून येत होतं. एक वाजता फोन केला. तिनं विचारलं, "वाच." मी वाचलं. शब्द गिळला. राउटर दोनदा बंद-चालू झाला. त्या दिवशी मला फोन ठेववेना, म्हणून मी केबल लावलीच नाही. म्हटलं, "नाही गं, काही केल्या येत नाही."

मग हसल्यासारखा आवाज आला. म्हणाली, "बरं. सुटल्यावर येते. चहा टाकून ठेव."

एरवी सुटल्यावर ती दहा मिनिटांत कुरुळीला घरी असती.

चार वाजता मी केबल लावून टाकली. ती आल्यावर म्हणणार होते, तुझ्या पायगुणानं आपोआप आलं बघ. मग बसले यादी बघत. ip neigh. एक नंबर, राउटर. बाकी कुणी नाही. परत. वरचा बाण दाबला की तीच ओळ येते, नुसतं एंटर मारायचं. साडेचार. पावणेपाच. चहाचं आधण दोनदा आटलं, दोनदा पाणी वाढवलं. पाच वाजून गेल्यावर फोन वाजला, तो मिलिंदरावांचा. मोशीच्या पुढे, कंटेनर. जागेवरच.

तिचा फोन पोलिसांनी प्लास्टिकच्या पिशवीत परत दिला. काच भुगा, मधून वाकलेला. तनूचे फोटो निघतात का म्हणून मिलिंदराव तो बाजारातल्या दुकानात घेऊन गेले. दुकानदारानं फुगलेली बॅटरी काढून टाकली, वरखाली बघितलं आणि म्हणाला, काका, यात काही राहिलेलं नाही. ती पिशवी कुरुळीच्या कपाटात आहे.

वर्ष गेलं. पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला, माणसं जेवून गेली. वर्षभर मी केबलला हात लावला नव्हता. मिलिंदराव दर रविवारी तनूला घेऊन यायचे, पोहे खायचे, "मामी, काही आणायचंय का" विचारायचे. मी त्यांच्या तोंडाकडे बघून विचार करायची, या माणसाला कळलं की याच्या बायकोला त्या रस्त्यावर मी ओढलं, ते पण एका वायरीसाठी… तर हा उठून जाईल. जाऊ दे. पण तनूही परत दिसायची नाही. ती तर सुजाताचंच नाक घेऊन आलीये. म्हणून गप्प.

पण गिळलेलं पचत नाही.

कार्यक्रमानंतर दोन आठवड्यांनी, मंगळवारी, दुपारी एकला मी ठरवलं. भर दुपार, खाली भाजीवाल्याचा लाउडस्पीकर चालू, ऊन थेट कीबोर्डवर. म्हटलं, माणसांना सांगायची हिंमत नाही ना, मग निदान भिंतीला सांग. जो शब्द चार वर्षं गिळला तो एकदा मोठ्यानं वाच. केबल काढली. खिळ्याला लटकवली. खुर्चीत बसले, फोन धरल्यासारखा रिकामा हात कानाला लावला. हसू नका. आणि लिहिलं : ip a.

ओळ आली. मी वाचायला तोंड उघडलं… आणि शब्दच नाही.

NO-CARRIER नव्हतं. UP, LOWER_UP. म्हणजे केबल लागलेली आहे, पलीकडे कुणीतरी आहे. खाली inet, माझा दहा नंबर, जागच्या जागी.

मी वळून बघितलं. निळी केबल खिळ्याला. तिचं पारदर्शक टोक उन्हात चमकत होतं. कॉम्प्युटरच्या मागे हात घालून चाचपलं. भोक मोकळं. बोट आत गेलं.

मग मी ip neigh लिहिलं. दोनदा चुकलं. एकच ओळ आली. राउटर नव्हता त्यात. घराचं दारच नव्हतं. फक्त अकरा. पत्त्याच्या शेवटी 4e. आणि पुढे REACHABLE.

लोक विचारतील, घाबरलात का? नाही. मी उठून चहा टाकला.

खरंच. दुसरं काही सुचलंच नाही. अकरा दिसला की चहा, एवढंच माझ्या हातांना माहीत. दोन कप. आलं किसून, तिला आवडतं तसं जरा जास्तच. पहिली उकळी आली. बेल वाजली नाही. मी दार उघडलं. जिना रिकामा. समोरच्यांच्या चपला, कोपऱ्यात दुधाची पिशवी. खालच्या मजल्यापर्यंत वाकून बघितलं. एवढी म्हातारी, भोसरीत दिवा लावून दाखवणारी, कठड्यावर वाकून जिन्यात बघत होती. शकुंतलेनं मला तेव्हा बघायला हवं होतं. आत आले. चहा गाळला. दोन्ही कप टेबलावर ठेवले. तिच्या कपावर साय धरली.

तेव्हा मी बोलले. "सुजा, केबल मी काढत होते गं. नेहमी मीच. त्या दिवशीपण."

वास नाही, वारा नाही, काही नाही. थोड्या वेळानं मी परत ip a मारलं. NO-CARRIER आलं. state DOWN. मी तो शब्द मोठ्यानं वाचला. मग ip neigh. यादी कोरी.

आता माझ्यातली सोल्डरिंगवाली काही मेलेली नाही. मनाचा खेळ म्हणायला मीही तयार होते. पण कॉम्प्युटर स्वतःची रोजनिशी लिहीत असतो. तीही सुजातानंच दाखवली होती, dmesg म्हणून. मी उघडली. एक वाजून सहा मिनिटांनी Link is Down. बरोबर, तेव्हा मी केबल काढली. एक वाजून नऊला Link is Up. एक एकतीसला परत Down. बावीस मिनिटं. तिच्या जेवणाच्या सुट्टीत ती मला द्यायची तेवढी.

रविवारी मिलिंदराव आले. तनू आत टीव्हीपुढे बसली. मी त्यांना आधी रोजनिशी दाखवली. ते मेंटेनन्सचे, त्यांनी चष्मा लावून नीट वाचली.

"मामी, केबल सैल बसली असेल. लूज कॉन्टॅक्ट."

"लूज कॉन्टॅक्टला दोन टोकं लागतात, मिलिंदराव. एक टोक खिळ्यावर होतं."

"तुम्ही केबल काढली कशाला पण?"

आणि मग मी सगळं सांगितलं. चार वर्षांचं, बुधवारचं, चहाच्या आधणाचं. त्यांच्याकडे न बघता, कीबोर्डवरची धूळ पुसत. शेवटी म्हटलं, "तुम्हाला उठून जायचं असेल तर जा. फक्त तनूला महिन्यातून एकदा—"

ते उठले. मला वाटलं, संपलं. पण ते खिडकीशी गेले आणि पाठ करून उभे राहिले. मग म्हणाले, "मामी, तिला पहिल्या दिवसापासून माहीत होतं."

"काय?"

"तुम्ही पुढचं state DOWN वाचायचात ना, केबल निघाल्याशिवाय तसं दिसत नाही. नेटवर्कवाली बाई ती, तिला नाही कळणार? घरी येऊन सांगायची, आज आईनं परत शब्द गिळला. हसायची. सुट्टीत मीटिंग लावून द्यायची नाही कुणाला. म्हणायची, एक ते दीड आईचं नेट दुरुस्त करायचं असतं."

त्यांनी फोन काढला, बराच वेळ वर सरकवत राहिले आणि माझ्यापुढे धरला. तिचा निरोप होता. त्या बुधवारचा, दुपारचा. 'आईने केबल काढलीये आणि आज लावतच नाहीये. बरं नसणार तिला. जाऊन येते. तनूला तू घे.'

वर्षभर हा माणूस तो निरोप खिशात घेऊन माझ्याकडे येत होता. पोहे खात होता. काही आणायचंय का विचारत होता.

"मला का नाही दाखवलंत?"

"तुम्ही का नाही सांगितलंत?" ते म्हणाले. आम्ही दोघं तसेच बसलो, आतून तनू ओरडेपर्यंत, "आजी, भूक!"

मिलिंदरावांनी नंतर कुरुळीच्या कपाटातली पिशवी उघडून बघितली. फोन तसाच, वाकलेला, बिनबॅटरीचा. माझ्या कॉम्प्युटरचं ते केबलचं भोकही त्यांनी तपासलं, दुसरी केबल लावून, काढून, दहा वेळा. दर वेळी काढली की NO-CARRIER, लावली की UP. जसं व्हायला हवं तसं. ड्राय सोल्डर म्हणून बघितलं, बसत नाही. तुमच्यापैकी कुणी या कामातलं असेल आणि त्या बावीस मिनिटांचा हिशेब लावून देईल तर मी ऐकेन, अगदी हात जोडून. शकुंतला कुठे असेल तिनंही ऐकावं. मी तिला हसले होते, ते मी परत घेते. विश्वास बसला म्हणून नाही. हसायला नको होतं म्हणून.

जाताना मिलिंदरावांनी केबल पक्की आत सारली. टिक. म्हणाले, "मामी, एक वाजता मला फोन करत जा. नेट चालू असलं तरी."

करते मी. केबल मात्र परत काढलेली नाही. हात जातो कधीकधी मागे, त्या चापापर्यंत. काढली आणि NO-CARRIER आलं, तर ते मला सोसवेल. न आलं तर? तर ती परत सगळा रस्ता तुडवून येणार, मला बरं नाही असं समजून.

एकदा खोटं कारण देऊन बोलावलं तेवढं पुरे झालं. मी बरी आहे, सुजा. नेट चालू आहे.